वहीतले कप

ओजिमा, तोक्यो
१४ एप्रिल २०२४

चि. तन्वीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पेटीतून मीच काढलं म्हणून बरं, नाहीतर तुझ्या आईने गॅसचं बिल समजून फोडलं असतं. तू बजावून लिहिलंस, 'आजी, फोनवर यातलं अवाक्षर काढू नकोस.' अगं, दोन खोल्यांचं घर हे. मी शिंकले तर तुझा बाबा मीटिंगमध्ये 'सॉरी, यामादा-सान' म्हणतो. इथे गुपित बोलायचं तर न्हाणीघरात टबात बसूनच. तेव्हा पत्रच बरं. माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, पण चौथीपर्यंतच्या शाळेवर आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून जेवढं आलं तेवढं पुरेल.

तर तू वर्षभर कॉलेजच्या ग्लायडर क्लबात जातेस, तोने नदीच्या काठावर बिनइंजिनाच्या विमानातून उडतेस, आणि घरी सांगतेस बॅडमिंटन! एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा गंमत वाटायला लागली. मी जन्मभर मशीनवर पाय मारला, ब्लाउज शिवले, आणि माझी नात आभाळात पाय सोडून बसते. तोंडाला कुलूप लावलंय, काळजी करू नकोस. फक्त एक सांग, इंजिन नाही तर ते वर राहतं कशाच्या जिवावर?

तुला आवडेल अशी एक गोष्ट आहे. आपल्या इमारतीत कचऱ्याची पाळी असते ना, तोबान, त्यात या महिन्यात माझी जोडी पाचव्या मजल्यावरच्या शमीम आपांशी लागली. मूळच्या लाहोरकडच्या. मुलगा जुन्या गाड्या विकतो, सून जपानी. काम काय, तर पिशव्यांवर कावळ्यांसाठी जाळी पसरायची आणि गाडी येऊन गेली की घडी घालायची. दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींशी मोडक्या जपानीत वाकून वाकून बोललो. तिसऱ्या दिवशी जाळीत माझं बोट अडकलं. माझ्या तोंडून निघालं 'आई गं!' आणि त्यांच्या तोंडून 'हाय अल्ला, लगी तो नहीं?' मग काय, जाळी हातात धरून दोघी हसत सुटलो. समोरच्या ओबासानने, त्या जपानी काकूने, खिडकी लावून घेतली.

काल त्यांच्या घरी गेले होते. भिंतीवर मुलीचा फोटो. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, मागे चिमुकलं विमान, उन्हाला हात आडवा धरून हसतेय. मी विचारलं, ही कोण? म्हणाल्या, 'मेरी तहमीना. पायलट.' मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी लगेच विचारलं, शादी झाली का? 'नहीं' म्हणाल्या आणि सरबत आणायला आत गेल्या. मुलीचं लग्न राहिलेलं आईला बोचतं, मीही पुढे ताणलं नाही. चहा मात्र त्यांच्या घरी करत नाहीत. लाहोरची बाई आणि चहा नाही, नवलच.

जेवत जा. नुसत्या ओनिगिरीवर, त्या भाताच्या गोळ्यांवर, राहू नकोस.
तुझी आजी


किर्यू
१९ एप्रिल २०२४

प्रिय आजी,
सा. न. (हे तूच शिकवलंस, पूर्ण लिहायचं नसतं ना?)

तू रागावली नाहीस! मी तुझं पत्र डोर्मच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचलं.

इंजिनाचं विचारलंस. सोपं आहे. पतंग कसा उडवतात? मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतो, मोठं रीळ. तो जाड तार जोरात गुंडाळतो, आपण तारेला अडकवलेले असतो, म्हणून सरळ वर जातो. चारशे मीटरवर तार सोडायची. 'टक्' असा आवाज येतो आणि मग इतकं शांत होतं की खालच्या शाळेची घंटा ऐकू येते. नंतर उतरत उतरत यायचं, आणि वाटेत गरम हवा सापडली तर पुन्हा वर.

आतापर्यंत मागच्या सीटवर आमचे शिक्षक, ओकाबे-सेन्सेई असतात. पण ते म्हणालेत, असंच चाललं तर शरद ऋतूत सोलो. म्हणजे मी एकटी, आजी. मागची सीट रिकामी.

यात एक अडचण आहे. सोलोआधी घरच्यांचं संमतिपत्र लागतं, सही करून आणि घरचा हान्को, म्हणजे नावाचा शिक्का, मारून. बाबा मारणार नाही, तुला माहीत आहे. मी सायकलवरून शाळेत जायला लागले तर तो महिनाभर मागून चालत यायचा. कागद सोबत पाठवते आहे. आपला 'खांबेटे'चा शिक्का टीव्हीखालच्या खणात, निळ्या डबीत असतो. तू मारशील? प्लीज. बाकी मी बघते.

आणि तहमीना-सान!! आपल्याच इमारतीत एका पायलटची आई राहते आणि मी तिथे बारा वर्षं राहून मला माहीत नाही! त्यांच्यासाठी इंग्रजीत एक चिठ्ठी ठेवली आहे. त्यात एकच प्रश्न आहे. तार ओढली जायच्या आधीच्या पाच सेकंदांत मी भीतीने गोठते. त्यांना अजून तसं होतं का, आणि झालं तर त्या काय करतात? आपांना सांग, पाठवा म्हणून. उत्तर उशिरा आलं तरी चालेल.

तन्वी


ओजिमा
१४ मे २०२४

चि. तन्वीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मध्ये गुडघा धरला होता, शिवाय गोल्डन वीकच्या सुट्टीत तुझा बाबा, प्रसन्न, घरी, लिहायला जागा नाही.

तुझी चिठ्ठी आपांना दिली. त्या म्हणाल्या, तहमीना फार लांब असते, तिकडे पत्र लवकर पोचत नाही. तेव्हा तू वाट बघू नकोस.

शिक्का अजून मारलेला नाही. खण अडकतो हल्ली, उघडत नाही. शिवाय मी म्हणते, एवढी घाई कशाला? मागे ते सेन्सेई बसतात ते काय वाईट आहे? माणूस मागे असलेलं बरं असतं. एक वर्ष उशिरा एकटी उडालीस तर आभाळ काही जागचं हलत नाही.

रविवारी सकाळी तुला फोन केला होता. दोनदा केला. काही विशेष नव्हतं, सहज आवाज ऐकावासा वाटला.

तुझ्या आईने, नयनाने, तुझ्यासाठी गूळपोळ्या दिल्या आहेत, ताक्क्युबिनने, म्हणजे कुरियरने, येतील.
आजी


किर्यू
२ जून २०२४

आजी,

तुला खोटं बोलता येत नाही. तो खण अडकत नाही. त्यात मीच गेल्या नाताळात मेण लावलंय.

तू असं कधी लिहीत नाहीस, म्हणून मी तहमीना-सानचं नाव नेटवर शोधलं. तू सांगितलेला फोटो लगेच सापडला, उन्हाला हात आडवा. खाली लिहिलं होतं, २०१३. शिकवणीचं विमान, उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं. त्यांनी ते उसाच्या शेतात उतरवलं. शेजारी बसलेली शिकाऊ मुलगी वाचली. त्या नाही वाचल्या. चौतीस वर्षांच्या होत्या. शोधताना कळलं की त्यांच्या देशातल्या अशा आणखीही मुली आहेत, ज्या उडता उडता गेल्या. मी खूप वेळ वाचत बसले.

आणि मी त्यांना विचारलं होतं, 'तुम्हाला अजून भीती वाटते का?' ती चिठ्ठी तू त्यांच्या आईच्या हातात दिलीस? आजी!

मला राग त्या गेल्या याचा नाही, तू लपवलंस याचा आहे. तुला वाटलं मी घाबरेन. आमच्या क्लबात काय करतात सांगू? दर संध्याकाळी विमानं शेडमध्ये ठेवली की सगळे गोल बसतात आणि ज्याच्या हातून काही चुकता चुकता राहिलं असेल, त्याने उभं राहून वाचून दाखवायचं. त्याला म्हणतात 'हियारी-हात्तो'. म्हणजे अंगावर काटा आला, पण निभावलं, असं काहीतरी. तीनच गोष्टी लिहायच्या. काय झालं, का झालं, पुढे काय करणार. कोणी ओरडत नाही, शेवटी सगळे 'अरिगातो', म्हणजे धन्यवाद, म्हणतात. लपवलं तर मात्र ओकाबे-सेन्सेई बोलत नाहीत, नुसते बघतात. ते जास्त वाईट. ते म्हणतात, चूक आकाशात होते, अपघात लपवण्यात होतो.

आता माझं ऐक. १२ मे, रविवार. फोन डब्यात ठेवायचा नियम आहे. तू कधीतरी फोन करतेस म्हणून मी तो खिशातच ठेवला होता. मी आत बसून एकेक वस्तूकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणत होते, तशी पद्धत आहे इथे, स्टेशनवरचे लोक करतात तशी. 'बेल्ट, योशी!' म्हणजे बेल्ट ठीक. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. तोंडाने 'योशी' म्हटलं आणि हात खिशावर गेला. वर तीनशे मीटरवर कळलं, उजव्या खांद्याचा पट्टा बकलात गेलाच नव्हता. एका हाताने तार सोडायची होती, दुसरा दांड्यावर, पट्टा लावायला हातच नव्हता. उतरेपर्यंत पट्टा तसाच लोंबत होता.

मी संध्याकाळी काहीच वाचून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर फोनचं कळलं असतं, सोलो गेला असता. म्हणजे मी तुझ्यावर ओरडते आहे, आणि मीही तेच केलंय. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा.

तन्वी


ओजिमा
६ जून २०२४

तन्वी बाळा,

तुझं पत्र वाचून मी बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांमागे जाऊन बसले. मग विचार केला, पोरगी सांगते तसं करून बघू. खाली लिहिते. चुकलं तर दुरुस्त कर.

हियारी-हात्तो. नाव जयमाला खांबेटे, वय एकाहत्तर.

काय झालं. शनिवार, ११ मे. मी तुझी चिठ्ठी घेऊन पाचव्या मजल्यावर गेले आणि हसत हसत शमीम आपांच्या हातात दिली. म्हटलं, मुलीला पाठवा, माझ्या नातीने लिहिलंय. त्यांनी ती चिठ्ठी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाल्या, 'बहन, कहाँ भेजूँ?' तेव्हा मला कळलं. मी त्या बाईला महिन्यापूर्वी विचारलं होतं, शादी झाली का. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. घरी आले, सगळी रात्र तू दिसत होतीस, आणि सकाळी उठल्या उठल्या फोन लावला. पहिला उचलला नाहीस म्हणून दुसरा. तुझ्या खांद्याचा पट्टा मी सोडवला, तन्वी. तिकडे विमानात तू होतीस आणि इकडे खुर्चीत बसून मी.

का झालं. फोटोला हार नव्हता. आपल्याकडे माणूस गेलं की चंदनाचा हार असतो, खाली दिवा असतो, दारातून आत पाऊल टाकतानाच कळतं. यांच्यात तसं करत नाहीत. फोटो आपला हसतोय, धुतलेल्या काचेमागे. मी माझ्या घरच्या खुणा त्यांच्या भिंतीवर शोधल्या. हे एक. दुसरं म्हणजे, कळल्यावर मला वाटलं तुझ्यापासून लपवलं की तू सुखरूप राहशील. मोठी माणसं असंच करतात आणि त्याला माया म्हणतात.

पुढे काय करणार. एक, तुला आता फोन करणार नाही, पत्र लिहीन. दोन, शिक्का मी मारणार नाही. रागावू नकोस. एक लपवाछपवी निस्तरताना दुसरी करायची नाही. तू घरी ये आणि बाबाला सांग, मी शेजारी बसेन. तीन, तुझा तो पट्टा तुझ्या सेन्सेईंसमोर वाच. सोलो गेला तर गेला.

आता दुसरं. मी आज पुन्हा वर गेले. माफी मागितली. आपा म्हणाल्या, 'अकरा साल में किसी ने उसकी शादी का नहीं पूछा था. एक मिनिट को लगा, वो है.' मग पहिल्यांदाच सगळं बोलल्या. मुलगी कशी होती, तर बारा वर्षांची असताना छतावर चढून विमानांची वेळ वहीत लिहायची. बाप म्हणाला डॉक्टर हो. ती म्हणाली, डॉक्टर खूप आहेत. शिकवण्या घेऊन स्वतः पैसे उभे केले. पन्नासेक मुलींना उडायला शिकवलं. त्या दिवशी शेजारी होती ती मुलगी आता स्वतः शिकवते, आणि दर ईदला आपांना फोन करून रडते.

पण आपांच्या मनात एक काटा आहे. त्या सकाळी त्यांनी तहमीनाला फोन केला होता. घरात पुतणीची मेंदी होती. म्हणाल्या, लवकर ये, सगळे आले आहेत, किती उशीर. आणि तासाभराने हे झालं. लोकांनी शहीद म्हटलं, हार नाही पण मोठमोठे शब्द दिले. कोणी हे सांगितलं नाही की पोरीने आईसाठी घाई केली की नाही, काही बघायचं राहून गेलं की काय. अकरा वर्षं ही बाई हे एकटी उगाळते आहे.

तहमीनाची एक वही आहे, इंग्रजीत. आपांना इंग्रजी येत नाही. मुलगा म्हणतो, अम्मी, त्यात नुसत्या मशिनच्या गोष्टी आहेत, त्याच्याच्याने ती उघडवत नाही. आपांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, तुमची नात उडते, तिला त्यातलं कळेल. जे असेल ते खरं सांगू दे. गोड करून नको.

सोबत वही पाठवते आहे. रजिस्टर केलंय. तीन टॉवेलांत गुंडाळली आहे, सांभाळून सोड.
आजी


किर्यू
२३ जून २०२४

प्रिय आजी,

आधी माझं. मी काल वाचून दाखवलं. फोन, पट्टा, सगळं. ओकाबे-सेन्सेई नुसते बघत राहिले. मग म्हणाले, दोन महिने उड्डाण बंद, फक्त जमिनीवरची कामं. आणि मग सगळ्यांबरोबर 'अरिगातो' म्हणाले. सोलो पुढे गेला, पण रद्द झाला नाही. तुझा हियारी-हात्तो अगदी बरोबर आहे, एक सोडून. फोन डब्यात ठेवायचा होता तो मी ठेवला नाही. पट्टा मी सोडवला, तू नाही.

आता वही. मी ती पंधरा दिवसांत दोनदा वाचली. माझ्या टेबलावर नाही, हात धुऊन, पलंगावर बसून.

आजी, त्या कधी जपानला आल्या नाहीत ना? मग त्यांना हे कोणी शिकवलं? वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'आज माझं काय चुकलं'. आणि पुढे प्रत्येक उड्डाणाला एकेक ओळ. इंधनाचं झाकण दुसऱ्याने बघितलं म्हणून मी बघितलं नाही. वारा फिरला होता, मला अभिमान आडवा आला, एक चक्कर जास्त मारायला हवी होती. आज विद्यार्थिनीवर ओरडले, चूक माझी होती, तिला तसं सांगितलं. अशी सात वर्षं! एवढी चांगली पायलट, आणि कुठेही स्वतःची पाठ थोपटलेली नाही. आम्ही हे गोलात बसून करतो, कोणीतरी करायला लावतं म्हणून. त्या एकट्या करायच्या.

आपांच्या प्रश्नाचं उत्तर २००९च्या एका पानावर आहे. मी जशाच्या तशा ओळी मराठीत देते:

'अम्मीचा फोन आला. कधी येतेस? मन घरी पोचलं, हात इथेच राहिले. तपासणी अर्धी सोडून इंजिन सुरू केलं. काही झालं नाही, पण झालं असतं. नवा नियम. अम्मीच्या फोननंतर सरळ विमानाकडे जायचं नाही. एक कप चहा, बसून. मग सगळी तपासणी पहिल्यापासून.'

त्यानंतर समासात मधूनमधून एक छोटं चित्र दिसतं. मला आधी कळेना. कप आहे तो, आजी. कान असलेला, वरून वाफेची एक रेघ. ज्या ज्या दिवशी अम्मीचा फोन आला आणि त्यांनी नियम पाळला, त्या त्या दिवशी एक कप. मी मोजले, त्रेसष्ट आहेत. आणि अम्मीने फोन करू नये, असं सात वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही.

गोड करून नको म्हणाल्या ना, म्हणून हेही सांगते. शेवटच्या दिवसाची तारीख त्यांनी आधीच लिहून ठेवली आहे, खालचं पान कोरं आहे. ओळ लिहिणं, कप काढणं, दोन्ही त्या उतरल्यावर करायच्या. इंजिन का बंद पडलं ते वहीत नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी चहा घेतला की नाही, तेही वही सांगत नाही. पण ज्या माणसाने त्रेसष्ट वेळा बसून चहा घेतला, त्याने चौसष्टाव्यांदा घाई केली असेल, असं मला वाटत नाही.

माझ्या चिठ्ठीचं उत्तर मला मिळालं, आजी. त्या पाच सेकंदांच्या आधी काय करायचं ते.

पुढच्या शनिवारी घरी येते. बाबाला सांगायला. तू शेजारी बस.
तन्वी


ओजिमा
९ जुलै २०२४

चि. तन्वीस आशीर्वाद.

तू गेल्यापासून तुझा बाबा माझ्याशी कमी आणि फ्रिजशी जास्त बोलतो. दार उघडून उभा राहतो, बंद करतो. काल म्हणाला, 'आई, तुला एप्रिलपासून माहीत होतं?' मी म्हटलं, हो, आणि चुकलंच माझं. तो म्हणाला, 'मला का नाही सांगितलं कोणी?' मी म्हटलं, तू सायकलमागे चालत जायचास म्हणून.  संमतिपत्र टेबलावर आहे, त्यावर त्याने चष्मा ठेवला आहे. वाट बघ. त्याला त्याचा चहा पिऊ दे.

आपांचं सांगते. तुझं पत्र मी त्यांना ओळीओळीने हिंदीत वाचून दाखवलं. चहाच्या ओळीपाशी आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. 'फिर से पढ़ो.' मी पुन्हा वाचलं. पुन्हा. 

मग म्हणाल्या, तिथे क्लबात एक म्हातारा चहावाला होता. तहमीना गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घरी आला होता, रडत रडत म्हणाला, बेटीने माझ्या हातचा चहा घेतला, बाकावर बसून सगळा संपवला, कप उपडा घातला आणि गेली. आपांनी त्याला दारातून हाकलून दिलं होतं. ओरडल्या होत्या, तिला घाई होती, तू चहा कसला पाजत बसलास! त्या दिवसापासून त्यांच्या चुलीवर चहा चढला नाही. आणि मला वाटत होतं, बाईला चहा सोसत नसेल.

म्हणजे अकरा वर्षं उत्तर त्यांच्यापाशीच होतं, तन्वी. वही त्यांच्या कपाटात आणि तो म्हातारा त्यांच्या आठवणीत. दोन्ही एकमेकांना भेटलेच नव्हते.

त्या उठल्या. खाली उतरून कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, दुकानातून, दूध आणलं. मी म्हटलं मी करते, तर मला हात लावू दिला नाही. आलं किसलं, भरपूर उकळवला. पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, 'बहुत मीठी हो गई.' होताच गोड. आम्ही दोघी दोन दोन कप प्यायलो.
आजी


किर्यू
९ ऑक्टोबर २०२४

आजी,

थोडक्यात लिहिते, परीक्षा आहे. सोलो ठरला. वीस तारीख, रविवार. वारा चांगला असेल तर.

बाबाचा कागद क्लबात पोचला. शिक्का वाकडा मारलाय. खाली पेन्सिलने मराठीत लिहिलंय, 'मी येऊ शकतो का?' ओकाबे-सेन्सेईंनी मला भाषांतर करायला लावलं आणि ते पहिल्यांदा हसले.

आपांना घेऊन ये. वही त्यांच्या हातात द्यायची आहे.
तन्वी


ओजिमा
२१ ऑक्टोबर २०२४

चि. तन्वीस अनेक, अनेक आशीर्वाद.

काल तुझ्याभोवती एवढी गर्दी, तुझ्या डोक्यावर त्या मुलांनी पहिल्या सोलोची रीत म्हणून पाण्याची बादली ओतलेली, मला काही बोलता आलं नाही. आम्ही बाहेरून काय बघितलं ते आता लिहिते, कारण तुला ते दिसलं नाही.

मैदानावर आल्या आल्या क्लबातल्या एका मुलाने फोनचा डबा पुढे केला. तुझ्या बाबाने न सांगता स्वतःचा फोन त्यात टाकला, ऑफिसचा आणि घरचा दोन्ही. आयुष्यात पहिल्यांदा. मग खिशात हात घालून उभा, हातांचं काय करायचं कळेना. नयनाने ते धरले.

आपांनी थर्मास काढला तेव्हा तू त्यांच्याकडे बघितलंस आणि काही न बोलता गवतावर बसलीस. आम्हा चौघांपुढे, हेल्मेटवाल्या पोरांपुढे, आरामात. सेन्सेई घड्याळ बघत होते, पण थांबले. तुझा चहा संपेपर्यंत आपा उभ्याच होत्या. तू कप उपडा घातलास, आणि त्या मागे वळल्या. नदीकडे तोंड करून बराच वेळ उभ्या होत्या.

मग तू आत बसलीस. आम्ही लांब होतो, आवाज येत नव्हता. पण काचेतून तुझं बोट दिसत होतं. एकेका वस्तूकडे. खांद्याच्या पट्ट्याशी ते थांबलं, आणि तू तो ओढून बघितलास. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. तुझा बाबा म्हणाला, 'आई, ही दोनदा का करतेय?' मी म्हटलं, गप उभा राहा.

तार ताणली, आणि तू गेलीस. तुझ्या मागे सीट रिकामी, ते बघून मी भ्याले हे खरं. पण मग वर तार सुटताना दिसली. तुझं ते 'टक्' खालपर्यंत आलं नाही, पण कळलं. आणि सगळं शांत. बाळा, मी एवढं सुंदर काही शिवलं नाही कधी. आपा वर बघत कपाळावर हात आडवा धरून उभ्या होत्या. अगदी तो फोटो.

परतीच्या आगगाडीत नयना आणि प्रसन्न समोर झोपले. आपांनी पिशवीतून वही काढली, तू दिलेली. शेवटचं पान उघडलं, तारीख आणि खाली कोरं. मला म्हणाल्या, 'बहन, पेन्सिल?' माझ्या पर्समध्ये शिवणकामाची निळी खडूपेन्सिल असते, ती दिली. गाडी हलत होती म्हणून त्यांनी वही गुडघ्यावर टेकवली आणि समासात सावकाश एक कप काढला. कान जरा वाकडा आला. मग वाफेची रेघ काढायची राहिली होती, तीही काढली.

तुझी आजी